उभ्याने सायकल चालविण्याचे अध्ययन : देहस्थिती आणि सुरक्षितता (जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

डोंगराळ प्रदेशात सायकल चालविणाऱ्यास चढावर सीटवरून उठून पायडलांवर उभे राहावे लागते. हे कौशल्य सहसा कोणी शिकवीत नाही. मुले ते पडत-धडपडत आत्मसात करतात. प्रस्तुत लेखात उभ्याने सायकल चालविण्यामागील समतोलाचे तत्त्व, योग्य देहस्थिती, अध्ययनाचे टप्पे व सुरक्षितता यांचे विवेचन जव्हार-मोखाडा परिसरातील विद्यार्थिनींच्या संदर्भात केले आहे.

बीजसंज्ञा : सायकल, समतोल, देहस्थिती, चढ-उतार, विद्यार्थिनींचे शिक्षण.

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पूर्वेकडील जव्हार व मोखाडा हे तालुके डोंगराळ असून तेथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या समाजांची वस्ती आहे. जव्हार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसले आहे. पाडे विखुरलेले, माध्यमिक शाळा मोजक्या गावी आणि वाटेत चढण व ओहोळ, अशी येथील रचना आहे. अशा ठिकाणी शाळा दूर असणे हे मुलीचे शिक्षण थांबण्याचे एक प्रमुख कारण ठरते.

या अडचणीवर सायकल हा उपाय परिणामकारक ठरतो, असा अन्यत्रचा अनुभव आहे. बिहार शासनाने २००६ साली विद्यार्थिनींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या २०१७ साली प्रकाशित झालेल्या अभ्यासानुसार या योजनेमुळे मुलींची माध्यमिक शाळेतील वयानुरूप नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली व मुलगे-मुली यांतील तफावत ४० टक्क्यांनी घटली. माध्यमिक शाळेपासून ३ किलोमीटर वा अधिक दूर असलेल्या गावांत हा परिणाम प्रकर्षाने आढळला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, इयत्ता ८ वी ते १२ वीच्या मुलींना सायकलीसाठी साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. तथापि, सायकल मिळणे आणि सायकल येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बिहारच्या सपाट मैदानात जे थोड्या सरावाने साधते, ते मोखाड्याच्या चढणीवर साधेलच असे नाही. पहिल्याच चढावर तोल गेला, गुडघा फुटला की मुलगी पुन्हा पायी जाऊ लागते आणि सायकल घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाते. म्हणून चालविण्याच्या शिक्षणाचा पद्धतशीर विचार करणे अगत्याचे आहे.

उभ्याने चालविण्याचे प्रकार

उभ्याने सायकल चालविण्याचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला प्रकार ग्रामीण महाराष्ट्रास चिरपरिचित आहे. मोठ्या माणसाच्या सायकलीची सीट उंच, मूल लहान. मग ते दांडीखालून पाय पलीकडे घालून, अर्धे-अर्धे पायडल मारीत सायकल दामटते. दुसरा प्रकार म्हणजे चढावर सीटवरून उठून पायडल मारणे. तिसरा प्रकार सीटच नसलेल्या सायकलीचा होय. अमेरिकेत २०१० साली बाजारात आलेली ‘एलिप्टिगो’ ही या प्रकारची सायकल सर्वस्वी उभ्याने चालविली जाते. आपल्या परिसराच्या दृष्टीने पहिले दोन प्रकार महत्त्वाचे आहेत.

दांडीखालून चालविण्याच्या पद्धतीने अनेक पिढ्यांना सायकल शिकविली, हे खरे. परंतु देहस्थितीच्या दृष्टीने ती सदोष आहे. शरीर एका बाजूस व सायकल दुसऱ्या बाजूस कललेली राहते, कंबर पिळली जाते आणि ब्रेकवर पकड नीट बसत नाही. उंचीला साजेशी, दांडी खाली असलेली सायकल हाच यावरील खरा उपाय होय.

समतोलाचे तत्त्व

१८१७ साली जर्मनीत कार्ल द्राइस याने दोन चाकांचे जे वाहन बनविले, त्यास पायडल नव्हते. स्वार पायांनी जमीन रेटीत पुढे जाई. म्हणजेच दोन चाकांवरील तोल ही गोष्ट पायडलाच्या आधी साध्य झाली होती. सायकल ज्या बाजूस पडू लागते, त्याच बाजूस हँडल किंचित वळविले की चाके शरीराच्या भाराखाली येतात व तोल सावरतो. फिरत्या चाकांचा घूर्णी परिणाम सायकलीस उभे ठेवतो, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. मात्र २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनाने, तो परिणाम नाहीसा केला तरी सायकल आपोआप तोल राखू शकते, हे प्रयोगाने दाखविले.

यातून अध्यापनाचा एक महत्त्वाचा नियम निघतो. शिकविणाऱ्याने हँडल कधीही धरू नये. हँडल धरले की तोल सावरण्याची जी क्रिया शिकायची, तीच थांबते. आधार द्यायचा तो मागून, सीटला किंवा शिकणारीच्या काखेखाली द्यावा.

चढ व शरीराचा भार

उभे राहिल्याने नेमका लाभ कोणता, हे एका ढोबळ गणिताने स्पष्ट होते. समजा, विद्यार्थिनीचे वजन ४५ किलो, सायकल व दप्तर मिळून २० किलो, पायडलाच्या दांड्याची लांबी १६.५ सेंटिमीटर, पुढील चक्रास ४४ व फ्रीव्हीलला १८ दाते आणि चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर आहे. ती संपूर्ण भार पायडलावर टाकून उभी राहिली, तर मागील चाकाशी जास्तीत जास्त सुमारे ९० न्यूटन व पूर्ण फेऱ्यात सरासरी सुमारे ५८ न्यूटन बल मिळते. एकूण ६५ किलो भार चढविण्यास हे बल जेमतेम ९ टक्के चढापर्यंत, म्हणजे १०० मीटर अंतरात ९ मीटर उंचीपर्यंत, पुरे पडते. घर्षण लक्षात घेता प्रत्यक्ष मर्यादा याहूनही कमी. हाताने हँडल ओढून काही अधिक बल मिळविता येते. पण ते थकविणारे असते.

बसलेल्या स्थितीत शरीराचा बराच भार सीटवर राहतो. म्हणून गिअर नसलेल्या सायकलीवर मध्यम चढावर उभे राहणे उपयुक्त ठरते. तीव्र चढावर उतरून सायकल हाती धरून चालणेच शहाणपणाचे असते. उतरणे हा कमीपणा नव्हे, हे विद्यार्थिनींना आवर्जून सांगितले पाहिजे. शिवाय उभ्याने चालविण्यात श्रम अधिक होतात. कुपोषणाच्या प्रश्नाने दीर्घकाळ ग्रासलेल्या या परिसरात उपाशीपोटी चढ चढण्याचा आग्रह धरणे सर्वथा अयोग्य होय.

योग्य देहस्थिती

१. तळव्याचा पुढचा रुंद भाग पायडलावर असावा. टाच वा बोटे नव्हेत.

२. गुडघे व कोपरे किंचित वाकलेली असावीत. ताठ गुडघा खड्ड्याचा धक्का थेट कमरेपर्यंत पोहोचवितो.

३. पाठ सरळ ठेवून कमरेतून किंचित पुढे झुकावे. शरीराचा भार पायडलांवर असावा, हँडलवर नसावा.

४. दृष्टी पुढच्या चाकावर न ठेवता १०-१५ मीटर पुढील रस्त्यावर ठेवावी.

५. उजवे पायडल दाबताना सायकल किंचित डावीकडे व डावे दाबताना उजवीकडे कलू द्यावी. शरीर मात्र मध्यावर राहावे.

६. दप्तर पाठीवर न घेता कॅरिअरला घट्ट बांधावे. ओढणी खोचलेली असावी व चेनवर आवरण असावे.

अध्ययनाचे टप्पे

प्रथम सपाट मैदानावर सायकल हाती धरून चालणे, वळविणे व ब्रेक दाबणे यांचा सराव द्यावा. दुसऱ्या टप्प्यात सीट इतकी खाली करावी की दोन्ही पाय जमिनीस पूर्ण टेकतील. पायडले काढून ठेवून (डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवावे) पायांनी जमीन रेटीत जावे. पाय वर उचलून काही अंतर घरंगळत जाता आले, की तोल आला असे समजावे.

पुढे पायडले बसवून व बसून चालविण्याचा सराव झाल्यावर सीट योग्य उंचीवर आणावी. पायडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर टेकवली असता गुडघा सरळ व्हावा, हे तिचे माप. त्यानंतर डावा पाय पायडलावर ठेवून उजव्या पायाने लंगडी घातल्याप्रमाणे जमीन रेटावी. एका पायावर उभ्याने तोल राखण्याचा हा उत्तम सराव होय. मग वेग घेऊन, दोन्ही पायडले समपातळीत ठेवून, सीटवरून केवळ चार बोटे उठावे. हे सहज जमल्यावर सौम्य चढावर उभ्याने दहा-पंधरा पायडले मारून पुन्हा बसावे. हा क्रम मोडून थेट घाटात सराव देऊ नये.

उतार व पावसाळा

अधिक जोखीम उताराची असते. उतारावर पायडले समपातळीत, कंबर मागे व भार खाली असावा. केवळ पुढचा ब्रेक करकचून दाबल्यास सायकल पुढच्या चाकावर उलटण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, दमाने वापरावेत. वळणापूर्वी वेग कमी करावा, वळणात नव्हे. पावसाळ्यात पोलादी रिम ओली होताच ब्रेकची पकड बरीच घटते. अशा वेळी आधीपासूनच हलके ब्रेक लावून रिमवरील पाणी पुसून घ्यावे. शेवाळलेल्या फरशीवरून किंवा पाणी वाहत असलेल्या मोरीवरून सायकल चालवू नये. उतारावर ‘डबल सीट’ सर्वथा टाळावी.

समारोप

१९९० च्या दशकाच्या आरंभी तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीने स्त्रियांच्या सायकल-शिक्षणास आपल्या कार्यक्रमाचा भाग बनविले. त्या वेळी हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. जव्हार-मोखाड्यातही हे कार्य अशक्य नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात रोज एक तास, एक मैदान, दोन-चार दुरुस्त सायकली आणि सायकल येणाऱ्या काही विद्यार्थिनी एवढे साहित्य त्यास पुरेसे आहे. शारीरिक शिक्षण विभागाने देहस्थितीची, तर भौतिकशास्त्र विभागाने समतोलाची बाजू सांभाळल्यास हा उपक्रम खऱ्या अर्थाने आंतरविद्याशाखीय ठरेल. शाळेच्या वाटेवरील कोणता चढ चालवीत चढायचा, कोठे उतरायचे आणि कोणत्या उतारावर ब्रेक आधी धरायचे, हे मुलीला स्वतः ठरविता येणे, हे या शिक्षणाचे अंतिम उद्दिष्ट असले पाहिजे.