चार हात पुढचे पाहणे

सकाळी सातच्या सुमारास विश्रामबागेत रस्त्याच्या कडेला क्षणभर उभे राहावे. विलिंग्डन आणि वालचंद ही दोन जुनी महाविद्यालये याच परिसरातली. त्यांच्या आसपास शाळा आणि शिकवण्या वाढल्या, आणि सांगली-मिरज रस्त्याची वर्दळही वाढली. एस.टी., मालमोटारी, रिक्षा यांच्यातून वाट काढीत एखादी मोपेड सुसाट निघून जाते. तिच्यावर तिघे बसलेले असतात आणि चालविणाऱ्याच्या ओठांवर अजून मिसरूडही फुटलेले नसते. ही मुले परक्यांची नव्हेत. आपल्याच घरांतली आहेत.

माझा पुतण्या दहावीत असताना त्याच्या हाती गाडीची किल्ली मीच दिली होती. मोकळ्या मैदानावर दोन संध्याकाळी फेऱ्या मारल्या. गाडी सुरू करणे, वळविणे, थांबविणे त्याला जमले आणि 'पोरगा शिकला' म्हणून घरात कौतुक झाले. पुढे एका पावसाळी सकाळी वळणावर त्याची गाडी घसरली. त्याचा हात मोडला, तेवढ्यावर निभावले. पण समोरून सायकलवर येणाऱ्या एका भाजीविक्रेत्या गृहस्थांना तीन महिने अंथरुणावर काढावे लागले. उपचाराचा खर्च आम्ही दिला, भेटायलाही जात राहिलो. एकदा त्यांच्या पत्नीने शांतपणे विचारले, "पोराला गाडी कुणी शिकवली हो, भाऊ?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण त्याला गाडी हाकायला शिकविले होते, रस्त्यावर वागायला कोणीच शिकविले नव्हते.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास केवळ ५० सी.सी.पर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालविता येते. एरवी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. आपल्या घरांतल्या बहुतेक मोपेड शंभर सी.सी.च्या पुढच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या अपराधाची जबाबदारी पालकावर अथवा वाहनमालकावर टाकली. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ही तरतूद आहे.

शिक्षणाचेही नियम आहेत. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याच्या परीक्षेस बसता येत नाही. मोटार शिकविणाऱ्या शाळेने हलक्या वाहनाचे शिक्षण किमान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालविण्याचे किमान दहा तास द्यावे, असे १९८९ चे केंद्रीय नियम सांगतात. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची नवी तरतूद आली. तिच्यात हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत एकोणतीस तासांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यांपैकी आठ तास केवळ सिद्धान्ताचे आहेत. आपण मात्र 'परवाना काढून देणारा' शोधतो. शिकविणारा शोधत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. शिक्षण वाढले म्हणजे अपघात घटतात का? जगाचा अनुभव येथे विचार करायला लावणारा आहे. नॉर्वेमध्ये १९७९ पासून नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे झाले. त्यानंतर तरुण पुरुषांचे तशा रस्त्यावरील अपघात कमी होण्याऐवजी वाढले. कौशल्य थोडे वाढले, पण 'मला सावरता येते' हा विश्वास त्याहून अधिक वाढला. याउलट स्वीडनने १९९३ मध्ये परवान्याचे वय अठराच ठेवले आणि वडीलधाऱ्याला शेजारी बसवून सराव करण्याचे वय साडेसतरावरून सोळावर आणले. ज्यांनी या सवलतीचा लाभ घेऊन शंभराहून अधिक तास सराव केला, त्यांच्या अपघातांचा धोका लक्षणीय घटला. शिक्षण तारते ते असे: कसब दाखविण्याचे नव्हे, तर धीराने, दीर्घकाळ, जाणत्याच्या नजरेखाली घेतलेले.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकणे. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात. वाहनाला ते किती लागतात याचा हिशेब आपण व्यापारी माणसांनी तरी करावा. ताशी साठ किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. संकट दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर पंचवीस मीटर तेथेच गेले. कोरड्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी सुमारे वीस मीटर लागतात. म्हणजे साठच्या वेगात आपले 'चार हात' पंचेचाळीस मीटरांचे होतात. चाळीसच्या वेगात तेच अंतर सव्वीस मीटरांवर येते. पावसात आणि गुळगुळीत टायरवर ते आणखी वाढते. विहार करणारे साधू-साध्वी पहाटेच्या अंधुक उजेडात महामार्गाच्या कडेने चालत असतात. आपल्या वाहनाचे दिवे जेवढे दाखवितात त्याहून थांबण्याचे अंतर अधिक असेल, तर आपण डोळे मिटूनच चालवीत आहोत.

घराइतकाच हा प्रश्न पेढीचाही आहे. मार्केट यार्डातून हळद, बेदाणा, गूळ घेऊन निघणारा टेंपो आपल्या नावाने धावतो. त्याच्या चालकाला सर्वांत प्रभावी शिक्षण कोण देते? मालक देतो. "कुठवर आलास?" म्हणून दर अर्ध्या तासाने फोन करणारा मालक चालकाला वाहन चालविताना फोन घ्यायला शिकवितो. रात्रभर माल भरून पहाटे गाडी हाकायला लावणारा मालक त्याला झोप मारायला शिकवितो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, तसेच सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. अशा वेळी थकलेल्या डोळ्यांना मागे परावर्तक नसलेली ट्रॉली दिसत नाही.

२०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे पन्नास हजार दुचाकीवर शिरस्त्राणाविना होती. जमाखर्चाच्या वहीत एका पैशाची चूक आपण रात्र जागून शोधतो. या वहीकडे मात्र आपण पाहत नाही.

विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. मोटार या देशात बनावी यासाठी समाजातील एका व्यापाऱ्याने आपले बळ पणाला लावले. ती चालविणारा माणूस घडविणे हे आता आपले काम आहे. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत किल्ली कपाटात ठेवावी. त्यानंतर रीतसर शाळेत घालावे, आणि परवाना मिळाला तरी काही महिने पाऊस, रात्र, गर्दी यांत आपण शेजारी बसावे. पेढीवर नियम करावा की धावत्या गाडीला फोन करायचा नाही आणि उशिरा आलेल्या मालाबद्दल चालकाला बोल लावायचा नाही.

आमच्या पुतण्याला आज परवाना आहे. त्याच्याशेजारी बसून मी वर्षभर फिरलो. ते भाजीविक्रेते गृहस्थ पुन्हा सायकलवर दिसतात, थोडे लंगडतात. ते दिसले की पुतण्या वेग उतरवितो, बाजूला होतो आणि त्यांना आधी जाऊ देतो. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून तोंडाने देता आलेले नाही.