सौरपॅनेलांची धुणावळ

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे दरवर्षी खिडक्यांच्या काचा पुसावयास येणारा एक तरुण आहे. काम उरकल्यावर तो गच्चीवर हात धुण्यास गेला आणि खाली येऊन म्हणाला, “काका, वरच्या प्लेटांवर तर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ आहे. पुसून देऊ का?” आम्ही विचारले, “काय घेशील?” त्यावर त्याने बडोद्यात जन्म काढलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचे उत्तर दिले, “तमने ठीक लागे ते आपजो.”

तुम्हांला ठीक वाटेल ते द्या! ऐकावयास हे किती गोड! परंतु या वाक्याने भाव ठरत नाही, तो समोरच्याच्या संकोचावर सोपविला जातो. आमच्या संकोचाने त्या दिवशी शंभर रुपये मोजले, आणि खरे सांगावयाचे तर, आपण सढळ हाताने दिले असेच आम्हांस वाटले. तेवढ्यात सूनबाईंनी गच्चीच्या दारातून पाहिलेले सांगितले. वरची रांग हाताला येईना, म्हणून त्या मुलाने एक पाय सरळ पॅनेलच्या काचेवर दिला होता. पाठीमागे कठडा गुडघ्याएवढा, आणि त्याच्या पलीकडे दोन मजल्यांची पोकळी. “बाबा, शंभर रुपयांत तुम्ही चढाल का तिथे?” एवढेच त्या म्हणाल्या. आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि त्या रात्री आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

हा प्रश्न आता एकट्या आमच्या घरचा राहिलेला नाही. घराच्या छतावर सौरवीज निर्माण करण्यात गुजरात देशात आघाडीवर आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली, आणि तीन किलोवॅटपर्यंतच्या संचास 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागल्यावर आमच्या गल्लीतली छपरे पाहता पाहता निळीकाळी झाली. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आमच्या नातलगांच्या पत्रांतूनही हाच विषय येतो. संच बसविणाऱ्याकडे पाच वर्षांची देखभाल असते हे खरे. पण नेहमीची धूळ पुसण्याचे काम बहुधा घरधन्याच्याच माथी येते. घरधनी साठीच्या पुढचा असला, तर ते काचा पुसणाऱ्याकडे जाते, आणि तो पॅनेलकडे पाहतो ते खिडकी समजूनच.

आमच्या तरुणाचा मूळ हिशेब असाच होता. खिडकीमागे तो तीस रुपये घेतो. एक पॅनेल म्हणजे दोन खिडक्या, सहा पॅनेले म्हणजे बारा, तेव्हा झाले तीनशे साठ. एवढे मागावयास त्याची जीभ रेटली नाही, म्हणून ‘ठीक लागे ते’! वास्तविक तीनशे साठही चूक आणि शंभरही चूक. खिडकीला दोन बाजू असतात, चौकट असते, खाच असते, कोपऱ्यातले जळमट असते. पॅनेलची एकच बाजू पुसावयाची असते. उलटपक्षी, खिडकी पुसताना माणूस बहुधा घरात, फरशीवर उभा असतो.

शिवाय नगावर भाव ठेवला की तो लवकरच लंगडा होतो. 2019 च्या सुमारास ज्यांनी तीन किलोवॅटचा संच घेतला त्यांच्या छतावर 330 वॅटची नऊ-दहा पॅनेले आहेत. आज तेवढ्याच विजेला 545 वॅटची सहा पुरतात, पण त्यांतले प्रत्येक सुमारे सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडे कमी रुंद असते. पुसावयाचे क्षेत्र दोहोंकडे फारसे वेगळे नाही. मग जुन्या संचवाल्याने दीडपट का द्यावे? म्हणून भाव किलोवॅटवर धरावा, आणि सांगाडा किती उंच आहे त्याप्रमाणे तो चढवावा किंवा उतरवावा, हे आम्हांस सयुक्तिक वाटते. आमच्याकडे गच्ची वापरात राहावी म्हणून पुष्कळ जण सांगाडा पुरुषभर उंच करून घेतात. पापड-कुरडया वाळविण्यास खाली सावली-ऊन दोन्ही मिळते. धुणाऱ्याला मात्र शिडी लागते.

आता घरधन्याचा हिशेब. आमच्याकडे तीन किलोवॅटचा संच स्वच्छ असता दिवसाला सरासरी बारा युनिटे देतो, म्हणजे महिन्याला 360. धुळीने किती घट होते? 2017 साली आयआयटी गांधीनगर आणि अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ यांच्या संशोधकांनी गांधीनगरच्या पॅनेलांवरील धूळ तपासली. कित्येक आठवडे साचलेली धूळ पुसल्यावर उत्पादन एकदम निम्म्याने वाढल्याचे त्यांनी नोंदविले होते. प्रत्येक घरी इतकी घट होते असे मुळीच नाही. आम्ही सावधपणे असे धरले, की कोरड्या ऋतूत धूळ दररोज एक-तृतीयांश टक्का खाते. मग महिन्याने धुतले तर महिन्याअखेर दहा टक्के आणि सरासरी पाच टक्के घट येते, म्हणजे अठरा युनिटे. दोन महिन्यांनी धुतले तर सरासरी दहा टक्के, म्हणजे दरमहा छत्तीस. पंधरवड्याने धुतले तर अवघी नऊ. युनिटचे सहा रुपये धरा; आपल्या बिलावरचा आकडा निराळा असेल तर तो घालावा.

यातून निघते ते असे. दोन महिन्यांऐवजी दर महिन्याला धुतल्याने घरधन्याचे महिन्याला 108 रुपये वाचतात, आणि त्यासाठी दरमहा अर्धी धुणावळ जास्त पडते. धुणावळ दोनशे असेल तर शंभर देऊन एकशे आठ वाचले; सौदा जेमतेम जमला. तीनशे असेल तर दीडशे देऊन एकशे आठ. शहाणा माणूस दोन महिन्यांतून एकदाच बोलावील. पंधरा दिवसांनी धुण्याने आणखी चोपन्न रुपये वाचतात, त्यासाठी जादा दोनशे कोण देईल? थोडक्यात, भाव केवळ एका खेपेचा नसतो. वर्षातून किती खेपा मिळणार, हेही त्याच आकड्यात ठरून जाते. तीनशे सांगणाऱ्याला त्या घरून महिन्याकाठी दीडशे मिळतात आणि दोनशे सांगणाऱ्याला दोनशे. अर्थात दोनशेवाल्याचे श्रम दुप्पट. गिऱ्हाईक थोडे आणि सकाळी रिकाम्या असतील तर दोनशे बरे. सकाळी अपुऱ्या पडू लागल्या की भाव चढवावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

‘सकाळी’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण या धंद्याची खरी मर्यादा तिथे आहे. खिडक्या दिवसभर पुसता येतात. तापलेल्या काचेवर मात्र गार पाणी ओतणे धोक्याचे, काच तडकू शकते. आणि पाणी चटकन सुकून त्याचे डागही पडतात. वैशाखात साडेआठनंतर आमच्या गच्चीवर पॅनेलला हात लाववत नाही. संध्याकाळी चालते, पण तोवर हात दमलेले असतात आणि उजेड सरत आलेला असतो. हिवाळ्यात दव पडल्याने धूळ आपोआप भिजलेली मिळते आणि काम सोपे होते. म्हणजे उन्हाळ्यात सहा ते साडेआठ, अडीच तास. सामान वर चढविणे, पाहणी, धुणे, उतरणे, पुढच्या घरी जाणे, यांत विखुरलेली दोनच घरे होतात.

त्या तरुणाला खिडक्यांच्या कामात आठ तासांचे आठशे सुटतात, म्हणजे तासाला शंभर. अडीच तासांचे अडीचशे झाले. पेट्रोल आणि ब्रशची झीज यांचे पन्नास धरा. वर जोखीम आहे, आणि आषाढापासून भाद्रपदापर्यंतचे रिकामे महिने आहेत, कारण तेव्हा पाऊसच हे काम फुकट करतो. त्यांचे शंभर आम्ही धरले. कोणी जास्त धरील तर आम्ही भांडणार नाही. एकूण चारशे, दोन घरांत वाटले तर दोनशे. घरधन्याचा आकडा आणि कारागिराचा आकडा एकाच ठिकाणी येऊन उभा राहिलेला पाहून आम्हांस क्षणभर स्वतःच्याच गणिताचा संशय आला. पुन्हा मांडून पाहिले, तेच आले.

हे दोनशे घ्यावयाचे तर काम खिडकीपेक्षा वेगळ्या हाताने केले पाहिजे, आणि इथे जुनी सवय घात करते. रंगाचे ठिपके खरवडण्याची पाती पॅनेलवर चालत नाही, कारण काचेवर उजेड परावर्तित होऊ न देणारा पातळ लेप असतो. साबणाच्या पावडरीचा पापुद्रा मागे राहतो आणि त्यावर धूळ अधिकच चिकटते. पॅनेलवर पाय देणे तर वर्ज्यच. काच सहन करील, पण आतल्या सिलिकॉनच्या चकत्यांना डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा जातात आणि त्यांचा परिणाम पुढे वर्षानुवर्षे विजेत दिसतो. लांब दांड्याचा मऊ ब्रश, भरपूर पाणी आणि शेवटी रबरी वायपर, एवढेच साहित्य लागते.

पाण्याविषयी गृहिणींना एक सांगणे आहे. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी बादलीत साठवून फरशीला वापरण्याची आपली काटकसर स्तुत्य खरी. पण तेच पाणी गच्चीवर पाठवू नये. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही अधिक साठलेले असतात आणि पांढरे डाग मागे राहतात. बोअरचे जड पाणीही शक्यतो टाळावे. ज्यांच्याकडे महीचे किंवा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बांधलेल्या आजव्याचे नळाचे पाणी येते, त्यांनी तेच द्यावे, आणि लगेच वायपर फिरवावा.

विजेचे भानही हवे. खाली इन्व्हर्टर बंद केला म्हणजे वर वीज उरली नाही, असा पुष्कळांचा समज असतो. ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये दाब असतोच. एका माळेत जोडलेली सहा मोठी पॅनेले मिळून अडीचशे व्होल्टच्या आसपास जातात. फुटकी काच, उंदरांनी कुरतडलेली वायर किंवा लोंबणारी जोडणी दिसली, तर पाण्याचा थेंबही न टाकता खाली यावे आणि संच बसविणाऱ्यास बोलवावे. या पाहणीसाठी आधी मोबाइलवर चार छायाचित्रे घेतलेली बरी. तडा आधीचा की आजचा, हा वाद नंतर उद्भवत नाही, आणि गरिबाच्या माथी हजारोंचे पॅनेल येत नाही.

कबुतरांचा भाव मात्र निराळा असावा. पसरलेली धूळ सगळीकडून सारखी घट करते, पण विष्ठेचा एक जाड थर एखाद्या चकतीवर बसला की ती चकती तापते आणि आजूबाजूचा पट्टाही उत्पादनातून बाद होतो. तो थर ओल्या फडक्याखाली दहा मिनिटे भिजवून अलगद काढावा लागतो. या वेळेचे तीस-चाळीस रुपये कोणी जादा मागितले, तर कुरकुर करू नये.

हा सारा हिशेब आम्ही त्या तरुणापुढे मांडला, तेव्हा तो प्रथम हसला. मग म्हणाला, “दोनशे ऐकून लोक दार लावतील, काका.” त्याला आम्ही एक उपाय सुचविला. धुण्याच्या आदल्या दिवशीची आणि दुसऱ्या दिवशीची युनिटे इन्व्हर्टरच्या ॲपवर पाहावयाची, दोन्ही दिवस निरभ्र असले पाहिजेत, आणि ती घरधन्यानेच स्वतःच्या हाताने लिहावयाची. आमच्याकडे पहिल्या खेपेला दहावरून साडेअकरा झाली. त्या कागदाने जे काम केले, ते आमच्या शब्दांनी झाले नसते.

मग आमच्या ओळीतली पाच घरे एकत्र आली. शिडी एकदाच आणावयाची, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, दोन सकाळींत पाचही घरे होतात. म्हणून प्रत्येकाला एकशे साठ ठरले. त्याची सकाळ चारशेचीच राहिली आणि आमचे चाळीस वाचले. पावसाळ्यात खेप नाही. पहिल्या वळवाच्या सरीनंतर मात्र एक हात फिरवावयाचा, कारण तो पाऊस धूळ धूत नाही, चिखलाचे ओघळ काढतो. कमरेचा पट्टा आणि दोर पाचही घरांनी वर्गणी काढून घेतला. आमच्या जिन्यात तो खिळ्याला टांगलेला असतो. पट्टा बांधल्याशिवाय कोणी वर जावयाचे नाही, यावर सूनबाईंची नजर असते, आणि ती आमच्यापेक्षा तीक्ष्ण आहे.

आता तो भाव स्वतः सांगतो, न अडखळता. फक्त उत्तरायणानंतरच्या सफाईचे अजून ठरावयाचे आहे. 14 जानेवारीनंतर पॅनेलांच्या फटींत पतंगांच्या काड्या अडकतात, आणि काचेची पूड लावलेला मांजा वायरींना गुंडाळून बसतो. तो ओढून काढता येत नाही, कातरीने कापून सोडवावा लागतो. पाच गच्च्यांवर मिळून किती मांजा निघतो ते एकदा पाहीन आणि मग आकडा सांगेन, असे तो म्हणाला आहे.