शैली आणि कारुण्य

‘या कवितेची शैली करुण आहे’ हे वाक्य मराठीच्या उत्तरपत्रिकांत इतके रुळले आहे की परीक्षकही त्यास गुण देऊन पुढे जातात. आमच्या मते येथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. शैली भाषेच्या बांधणीत असते. शब्दांची निवड, वाक्यांची वळणे, लय यांवर बोट ठेवून ती दाखविता येते. कारुण्य तसे दाखविता येत नाही. बोलणारा, त्याची अवस्था आणि वाचकाचे मन यांच्या संबंधातून ते जाणवते.

उदाहरण गोरखीजवळचेच घेऊ. ग्वाल्हेरातील गोरखी म्हणजे शिंद्यांच्या देवघराचे ठिकाण. त्याच शिंद्यांच्या संस्थानाचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे (१८७३–१९४१). त्यांची ‘जन पळभर म्हणतील’ ही कविता पाहावी. सूर्य, चंद्र, मेघ, शेते, नद्या, सोयरे असे कर्ते एकामागून एक येतात आणि त्यांची क्रियापदे भविष्यकाळाच्या ‘-तील’वर विसावतात. ही झाली शैली. पंचांगातील संवत्सरफलही मेघांचे व पिकांचे भविष्य अशाच सुरात सांगते. पण ते ऐकून कोणाचा कंठ दाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही! तांब्यांच्या मालिकेतून मात्र एक कर्ता गळला आहे : बोलणारा स्वतः. कारुण्य त्या रिकाम्या जागेत आहे. क्रियापदे जितकी सहज, तितकी ती उणीव अधिक झोंबते.

दोहोंचा संबंधच नाही, असे मात्र आम्हांस म्हणावयाचे नाही. करुणात समासरहित रचना असावी, असे नवव्या शतकात आनंदवर्धनाने सांगितलेच आहे. तथापि रचनेचे औचित्य त्याने रसाच्या अंकित ठेवले. रीतीलाच काव्याचा आत्मा मानणाऱ्या वामनाची भूमिका याहून वेगळी. भवभूतीचा दीर्घ समासांचा सोस तर प्रसिद्धच आहे. ज्या पद्मावतीत, म्हणजे ग्वाल्हेरजवळच्या आजच्या पवाया येथे, ‘मालतीमाधवा’चे कथानक घडते, त्या प्रेमकथेतही तो दिसतो आणि करुणरसप्रधान ‘उत्तररामचरिता’तही.

वर्गात तांब्यांची ही कविता शिकविताना विद्यार्थी कारुण्य दाखविण्यासाठी बहुधा पहिल्याच ओळीतील शोकोद्गार अधोरेखित करतो. तो उद्गार कवीचा नव्हे, जनांचा आहे. आणि तो टिकणार पळभर. जुन्या कालमापनात पळ म्हणजे २४ सेकंद.