बांधावरची ढोरगुंज

मोहोळ म्हटले की आठवते मालदांडी ज्वारी. प्रसिद्ध 'मालदांडी ३५-१' ची निवड इथल्याच संशोधन केंद्रातली. पण या कोरड्या मुलखातल्या बांधांवर कुणी न पेरता उगवणाऱ्या एका झुडपाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मऊ लव असलेली पाने, कागदी पिशवीत दडल्यासारखे लाल फळ. खेड्यात हिला ढोरगुंज म्हणतात. वैद्यांची अश्वगंधा ती हीच! ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव.

पूर्वी अशक्त माणसाला मुळीचे चिमूटभर चूर्ण दुधात उकळून देत. आता शहरात त्याच्याच कॅप्सुला, आणि त्याही स्वतःच्या मनाने! औषध म्हटले की त्याची दुसरी बाजू आलीच. काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये हिच्यावर बंदीच घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कारखानदारांना बजावले, की मुळीच वापरा, पाने नकोत. गर्भवतींनी ती घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि अख्खी मुळी विकत घ्यायची झाली, तर दुकानातच मोडून पाहावी. चांगली असेल तर कट्‌कन तुटते, आतून पांढरी, पिठूळ दिसते.