बागेतील आगगाडीची स्थानके व घरे

मोठ्या वस्तूची हुबेहूब लहान प्रतिकृती पाहून ज्यास आनंद होत नाही असा मनुष्य विरळा. पोळ्याच्या दिवशी घरोघरी पूजेस मांडलेले मातीचे बैल किंवा पुण्याकडील मुले दिवाळीत अंगणात रचतात ते किल्ले, ही याच आवडीची रूपे होत. या आवडीचे एक पुढारलेले रूप म्हणजे बागेतील आगगाडी. घराच्या आवारात, फुलझाडांच्या वाफ्यांमधून लहान रूळ घालून त्यांवर लहान गाडी चालवावयाची आणि तिच्या वाटेवर स्थानक, मालधक्का, पाण्याची टाकी, फाटकवाल्याची खोली इत्यादी इमारती उभारावयाच्या, असा हा छंद आहे. या लेखात गाडीविषयी थोडे व इमारतींविषयी अधिक सांगण्याचे आम्ही योजिले आहे. कारण गाडी विकत मिळते, परंतु आपल्या मुलखातील घरे आपणांसच करावी लागतात.

आपल्या महाराष्ट्रात लहान आगगाड्यांची आवड नवी नाही. पुण्यास कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ सालापासून लोकांस पाहावयास मिळू लागले. तेथील मांडणी बंद दालनातील आहे. बागेतील मांडणीस ऊन, पाऊस व धूळ सोसावी लागत असल्याने तिची गाडी मोठी व दणकट असते. अशा गाड्यांचा प्रसार जर्मनीतील न्युरेंबर्ग येथील लेहमान यांच्या कारखान्याने १९६८ सालापासून विशेष केला. त्यांच्या रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर असून गाड्यांचे प्रमाण १ : २२.५ आहे. आता हा गुणाकार करून पाहा : ४५ गुणिले २२.५ म्हणजे १०१२.५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक मीटर! अर्थात ही लहान गाडी मीटरगेज मार्गाची प्रतिकृती होय.

हा हिशेब आम्हां परभणी जिल्ह्यातील लोकांस विशेष जिव्हाळ्याचा आहे. निजामाच्या राज्यात सुमारे १९०० साली मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यातून जो लोहमार्ग घातला गेला तो मीटरगेजच होता, आणि परभणीहून गंगाखेडावरून परळीस जाणारा फाटाही पूर्वी मीटरगेजच होता. १९९० नंतर हे मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले. रुळांतील अंतर १००० मिलिमीटरांचे १६७६ मिलिमीटर झाले. प्रवास सुखाचा झाला, याबद्दल आनंदच मानला पाहिजे. तथापि रूळ बदलले की फलाट, टाक्या, कोठारे व खोल्या यांचेही रूप बदलते, आणि जुन्या रूपाचे मोजमाप कोणी टिपून ठेविले नसेल तर ते कायमचे नाहीसे होते. गावातील धाब्याच्या घरांचीही तीच गत आहे. एक घर पडते, तेथे सिमेंटचे छत येते, आणि जुने घर किती खणांचे होते, त्याचे पन्हळ कोठे होते, हे दहा वर्षांनी सांगणारा कोणी उरत नाही. म्हणून हा छंद केवळ खेळ नव्हे. नीट मोजून केलेला नमुना हा त्या इमारतीचा दस्तऐवज होय.

पालमला आगगाडी नाही. ती पाहावयाची तर गंगाखेडास जावे लागते. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. महागडे इंजिन नसले तरी इमारत करता येते, आणि स्थानकाऐवजी स्वतःचे घर, वेशीजवळचे दुकान किंवा आपली शाळा यांचा नमुना केला तरी पद्धत तीच.

पहिले काम निरीक्षणाचे व मोजमापाचे. रेल्वेच्या हद्दीत काही मोजावयाचे असल्यास आधी स्टेशनमास्तरांची परवानगी घ्यावी, आणि रुळांवर कधीही उतरू नये. लांबी-रुंदी फितीने मोजता येते. उंचीसाठी शाळेतील भूमिती उपयोगी पडते. एक मीटर लांबीची काठी उन्हात उभी करून तिची सावली मोजावी. त्याच वेळी इमारतीची सावली मोजावी. काठीची सावली ५० सेंटिमीटर व इमारतीची सावली २ मीटर भरली, तर इमारतीची उंची ४ मीटर होय. विटांची भिंत असेल तर एका मीटरात विटांचे किती थर बसतात ते पाहून सगळे थर मोजले तरी उत्तर मिळते.

मग प्रत्येक मापास २२.५ ने भागावे. २१० सेंटिमीटर उंचीचे दार नमुन्यात सुमारे ९ सेंटिमीटर ३ मिलिमीटर होते. १७० सेंटिमीटर उंचीचा मनुष्य साडेसात सेंटिमीटर होतो. १८ मीटर लांबीची इमारत बरोबर ८० सेंटिमीटर भरते. परंतु २०० मीटरांचा फलाट घ्याल तर तो जवळजवळ ९ मीटर होईल, आणि इतकी जागा कोणाच्या बागेत असणार? यास्तव फलाट आखूड करावा. मात्र दारे, खिडक्या, पायऱ्या व माणसे यांचे प्रमाण कधीही बदलू नये. मनुष्य ज्या वस्तू हाताने किंवा पायाने वापरतो, त्यांचे माप चुकले की डोळ्यास लगेच खटकते.

आता साहित्य. पुठ्ठा व साधे प्लायवूड बागेत एक पावसाळाही नीट टिकत नाहीत; ती फुगतात, त्यांचे पदर सुटतात, आणि उरलेले वाळवी खाते. सुताराकडील सागवानाचे तुकडे, पाट्या करणाऱ्यांकडे उरलेले पीव्हीसीचे तक्ते, पातळ अ‍ॅल्युमिनियम आणि सिमेंट ही टिकाऊ होत. साध्या पांढऱ्या डिंकाचा जोड ओलाव्याने सुटतो, म्हणून दोन नळ्यांतील द्रव्ये मिसळून लावावयाचा जलरोधक डिंक वापरावा. उन्हाचाही विचार करावा लागतो. एक मीटर लांबीची पीव्हीसीची पट्टी तापमान ३० अंशांनी चढले की सुमारे दोन मिलिमीटर लांबते. पट्टी दोन्ही टोकांस घट्ट आवळल्यास उन्हाळ्यात ती वाकते. एक टोक थोडे सैल ठेविल्यास वाकत नाही. धारदार पाते व असे डिंक वापरताना लहान मुलांजवळ वडील माणसाने बसावे, अशी पालकांस विनंती आहे.

आमच्या मते नवशिक्याने सिमेंटची भिंत ओतून सुरुवात करावी. एक भाग सिमेंट व तीन भाग चाळलेली वाळू यांचा गिलावा लाकडी चौकटीत बोटभर जाडीचा ओतावा, आणि मध्ये तारेची बारीक जाळी घालावी. दारा-खिडक्यांच्या जागी लाकडाचे ठोकळे ठेवावे. काही तासांनी गिलावा घट्ट परंतु ओलसर असतानाच खिळ्याने दगडांचे सांधे कोरावे. आपल्याकडील काळ्या पाषाणाच्या भिंतीत दगड एकसारखे नसतात. कोपऱ्याचे मोठे व घडीव, मधले लहान व ओबडधोबड, अशी त्यांची रीत असते. ती पाहूनच कोरावे. नंतर आठवडाभर भिंतीवर पाणी मारावे, म्हणजे ती मजबूत होते. चारही भिंती अशा करून डिंकाने जोडाव्या व जोते वेगळे करावे.

छपराने इमारतीचा मुलूख ओळखू येतो. मंगळुरी कौलांचे छप्पर करावयाचे असल्यास, खरे कौल सुमारे ४१ सेंटिमीटर लांब असते हे ध्यानात घेऊन लहान कौल १८ मिलिमीटरांचे करावे. या कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे काढला, आणि तेथून ही कौले सर्वदूर पसरली. पन्हाळी पत्रा करावयाचा तर शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा समांतर खाचांच्या लाकडावर ठेवून बोथट काडीने दाबावा. दोन नाळ्यांतील अंतर सुमारे साडेतीन मिलिमीटर येऊ द्यावे. धाब्याचे घर करणाराने मात्र छत सपाट दिसले तरी पन्हळाकडे किंचित उतरते ठेवावे. खरे धाबेही तसेच असते. नाहीतर पाणी मुरून माती खचेल.

इमारत उभी राहिली की ती नवी कोरी दिसते, आणि म्हणूनच खोटी दिसते. खरी इमारत ऊन, पाऊस, धूर व माणसांचा वावर यांनी रोज थोडी थोडी बदलत असते. ते जुनेपण नमुन्यास आणणे हा या विद्येचा गाभा होय. येथे बहुतेक नवशिके काळा-तपकिरी रंग सगळीकडे सारखाच फासतात. तसे केल्याने इमारत जुनी दिसत नाही, मळकट दिसते. जुनेपण व मळ यांत भेद असा, की प्रत्येक डागास एक कारण असते व त्या कारणामुळेच त्याची एक जागा ठरलेली असते.

काही उदाहरणे पाहू. पागोळ्या जेथे पडतात तेथून काळ्या मातीचे शिंतोडे भिंतीवर उडतात. ते साधारण अर्ध्या मीटरपर्यंत चढतात, म्हणून नमुन्यात त्यांची उंची दोन सेंटिमीटर असावी, छतापर्यंत नव्हे. पन्हळाखाली हिरवट काळा ओघळ असतो, कारण तेथील भिंत बराच काळ ओली राहते व शेवाळ धरते. खिडकीच्या गजांच्या मुळाशी तांबूस रेघा असतात. त्या गंजाच्या असून नेहमी सरळ खाली उतरतात. भिंतीच्या पायथ्याशी लोणा लागून गिलावा सुटतो व आतील वीट दिसते. नैऋत्येचा पाऊस पश्चिम व दक्षिण भिंतींवर आदळतो, म्हणून त्या अधिक काळवंडतात. दाराच्या कडीभोवती हातांच्या तेलकटपणाने रंग गडद होतो. पायरी मध्यभागी झिजते, कडेला झिजत नाही, कारण माणसे मधूनच चालतात. पाण्याच्या टाकीच्या जोडांतून गळणारे जड पाणी वाळले की पांढरा थर उरतो. वाफेच्या इंजिनाचा धूर लागत असे तेथे, म्हणजे इंजिन-शेडच्या दाराच्या वरच्या बाजूस, काजळी असावयाची.

यावरून आणखी एक नियम निघतो. नमुना करण्यापूर्वी एक वर्ष ठरवावे व सर्व इमारती त्याच वर्षाच्या कराव्या. १९५५ सालचे स्थानक करणार असाल तर काजळी, कोळशाचा ढीग व पाण्याचा नळखांब हवाच. ब्रॉडगेज झाल्यानंतरचे स्थानक करणार असाल तर ताजी काजळी दाखविणे हे असत्य होय.

रंगकाम पातळ रंगांनी व क्रमाने करावे. प्रथम मूळ रंग द्यावा, परंतु तो थोडा फिका करून. शुद्ध काळा व शुद्ध पांढरा लहान वस्तूवर फार भडक दिसतात. तो वाळल्यावर पुष्कळ पाणी घातलेला गडद रंग भिंतीवर सोडावा. तो आपोआप सांध्यांत उतरतो, आणि वर राहिलेला फडक्याने टिपून घ्यावा. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग उंचवट्यांवर हलकेच फिरवावा, म्हणजे दगडांच्या कडा उठून दिसतात. शेवटी ओघळ, गंज व शिंतोडे त्यांच्या त्यांच्या जागी काढावे. यासाठी गेरू, चुलीची काजळी व वस्त्रगाळ केलेली आपल्याच शेतातील माती यांहून चांगले रंग नाहीत. मात्र ते पावसाने धुऊन जाऊ नयेत म्हणून वरून चकाकी नसलेले व्हार्निश द्यावे. प्रत्येक डाग काढण्यापूर्वी स्वतःस विचारावे, ‘हा येथे का?’ उत्तर न आल्यास कुंचला खाली ठेवावा. आणि थोडे थांबावे, कारण बागेतील इमारतीवर ऊन व पाऊस स्वतःही काम करीत असतात. दोन पावसाळ्यांनी जे आपोआप येणार ते आज हाताने कशास आणावे?

इमारत बागेत मांडताना ती थेट मातीवर ठेवू नये. खाली फरशी व फरशीखाली खडी घालावी, म्हणजे पाणी निथळून जाते. मात्र फरशीची कड मातीने झाकावी, नाहीतर घर पाटावर ठेविलेले दिसते. भोवती बारीक पानांची झाडे लावावी. मोठ्या पानाच्या झाडाजवळ उत्तम नमुनाही खेळण्यासारखा दिसतो, कारण झाडाचे पान आपल्या मापाची चुगली करते.

विद्यार्थी मित्रहो, या छंदास पैसा थोडा लागतो. डोळे पुष्कळ लागतात. येत्या सुटीत फीत, वही व पेन्सिल घेऊन आपल्या घराची एक भिंत मोजा, तिच्यावरील डागांची यादी करा, आणि प्रत्येक डागापुढे त्याचे कारण लिहा. कारण न कळल्यास आजोबांस विचारा. कोणत्या सालच्या पावसात ती भिंत ढासळली, पन्हळ कधी बदलले, हे त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? पालकांसही आमचे सांगणे असे, की जुने घर पाडावयाचे ठरले असेल तर पाडण्यापूर्वी ते मुलांकडून मोजून घ्यावे. नवे घर अवश्य बांधावे; परंतु जुन्याची मापे वहीत राहिली तर ते एखाद्या दिवशी बागेत, गुलाबाच्या वाफ्याशेजारी, पुन्हा उभे राहू शकेल.