महाधमनीतला फुगा

पाट फुटला, तर जाणता शेतकरी भगदाडापाशी धडपडत बसत नाही. आधी तो वरच्या अंगाला पाणी अडवतो आणि मग भगदाड बुजवतो. भीषण अपघातात पोटात किंवा कमरेच्या हाडांच्या आत रक्तवाहिनी फुटते, तेव्हा बाहेरून हात दाबून ते रक्त थांबत नाही. अशा वेळी डॉक्टर कधी कधी हीच युक्ती योजतात. जांघेतील धमनीतून एक बारीक नळी वर सरकवतात आणि तिच्या टोकावरचा फुगा महाधमनीत फुगवतात. फुग्याखालचा प्रवाह जवळजवळ थांबतो आणि उरलेले रक्त हृदय व मेंदूकडे वळते.

ही कल्पना नवी नाही. कोरियाच्या युद्धात अमेरिकी लष्करी शल्यचिकित्सक कार्ल ह्यूज यांनी ती जखमींवर वापरली आणि १९५४ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ते जखमी वाचले नाहीत. पुढे २०१४ मध्ये लंडनच्या हवाई रुग्णवाहिकेतील डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या एका रुग्णावर घटनास्थळीच हा उपचार केला. तो वाचला आणि जगभर आशा पल्लवित झाली.

परंतु वाचकहो, अडवलेल्या पाण्याखालचे शेत सुकते, हेही लक्षात घ्या. फुग्याखालची मूत्रपिंडे, आतडी आणि पाय रक्ताला मुकतात. फुगा छातीच्या भागात फुगवला असेल, तर अर्ध्या तासाच्या आत तो सैल करता यावा, अशी डॉक्टरांची धडपड असते. मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली असेल, तर थोडी अधिक सवलत मिळते. म्हणजे फुगा रक्तस्राव बरा करीत नाही. तो शस्त्रक्रियेसाठी काही मिनिटे उसनी घेतो.

ही उसनवारी महागही पडू शकते. ब्रिटनमधील सोळा मोठ्या आघात केंद्रांत नव्वद जखमींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांसोबत फुग्याचीही योजना असलेल्या गटातील ५४ टक्के रुग्ण नव्वद दिवसांत दगावले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ४२ टक्के होते. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. फुग्याच्या गटात प्रत्यक्ष रक्तस्राव थांबवणाऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागला होता. मला यातली ही बाब सर्वांत बोलकी वाटते. ज्या मिनिटांसाठी हा सारा खटाटोप, तीच त्यात खर्ची पडली असावीत. म्हणून एखाद्या रुग्णालयात हे साधन नाही, एवढ्यावरून ते कमी दर्जाचे ठरवू नका. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह रात्रीही सज्ज आहे का, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

आपल्या हाती काय असते? बाहेर वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापडाने घट्ट दाब धरावा आणि कापड सारखे उचलून पाहू नये. १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे. जखम दिसत नसतानाही माणूस पांढराफटक पडला, थंड घामाने भिजला, कासावीस होऊन पाणी मागू लागला, तर आत रक्तस्राव होत असल्याची शंका घ्यावी. तो कितीही विनवत असला, तरी पाणी देऊ नये. त्याला लवकरच भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. हातपाय धरून त्याला उचलू नये. मोडलेली कटिरास्थी हलली की आतला स्राव वाढतो. आणि डॉक्टर भेटताच दोन गोष्टी न विसरता सांगाव्यात : अपघात नेमका किती वाजता झाला आणि रुग्ण रक्त पातळ करणारे औषध घेतो का.