फियाटचं बॉनेट उघडल्यावर

जुनी फियाट घेतलेल्या माणसाला माझं पहिलं सांगणं हेच, की पान्याला हात लावू नका. बॉनेट उघडा आणि तासभर नुसतं बघा. आमच्या नवीन पनवेलमध्ये सिडकोच्या जुन्या इमारतींखाली कव्हर घालून ठेवलेल्या फियाट अजून दिसतात, आणि हौसेनं त्या चालू करायला निघालेली तरुण मुलं माझ्याकडे येतात. त्यांना भागांची नावं पाठ करायची असतात. मी म्हणतो, नावं राहू द्या. पाइप आणि वायर कुठून येतात, कुठे जातात, ते बोटानं धरत चला.

पेट्रोलचा पाइप मागच्या टाकीतून ब्लॉकला चिकटलेल्या पंपाकडे येतो. मेकॅनिक त्याला एसी पंप म्हणतात. त्याला वीज लागत नाही, कॅमशाफ्टच त्याचा दांडा हलवतो. तिथून पुढचा पाइप ज्यात शिरतो तो कार्बोरेटर. चोकची केबल ओढून बघा.

करंटचा माग जास्त रंगतो. कॉइलच्या मधून निघालेली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत मधोमध बसते, आणि टोपीतून चार वायरी चार प्लगांना जातात. टोपी काढली की रोटर, त्याखाली पॉइंट आणि अंगुस्तानाएवढा कंडेन्सर. रोटर बाहेर काढा, पायाशी चीर गेलीय का बघा. पॉइंटची तोंडं करपली असतील तर गाडी धक्के देते. पनवेलच्या पावसात टर्मिनल हिरवी पडतात, तीही घासा. वायरी काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर घाला, कारण या इंजिनात ठिणगी १-३-४-२ या क्रमानं पडते.

आता खिशातलं लोहचुंबक काढा. ब्लॉकला ते चिकटेल, हेडला चिकटणार नाही. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. १०८९ सीसीचं हे इंजिन मुळात फियाटनं १९३७ साली इटलीत आणलं आणि पुढे डुक्कर फियाटपासून पद्मिनीपर्यंत आपल्याकडे चाललं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. सुटे भाग शोधायला मी आजही हार्बर लाइननं कुर्ल्यालाच जातो.

बेल्टवर फिरणारा लांबट, बंदिस्त नळा दिसला तर तो डायनामो. आखूड, जाड आणि खाचाखाचांचा असेल तर नंतर बसवलेला अल्टरनेटर. तो गाडीला सोयीचाच असतो, पण मूळ रूप जपायचं असेल तर डायनामो भंगारात देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मूळ रूप जपायला आता कायद्याचंही कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणून व्यवहार अजून व्हायचा असेल तर त्याआधी ब्लॉकवरची मळी रॉकेलनं पुसा, कोरलेला इंजिन नंबर वाचा आणि आरसी बुकशी अंकाअंकानं ताडून बघा. जुळला नाही तर बयाणा देऊ नका.